डाव्या खांबावरचं ऊन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, वर्गातल्या मित्रांना नाही. ताईला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायचं तिलाच होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. हे काही चांगलं कारण नाही. पण खरं आहे.

कुठून सुरू करू? उन्हापासून करतो. त्याबद्दल बोलताना माझी जीभ अडखळत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर, आजोबाही तिथेच होते, आणि त्यांच्या आधीचे सगळे फौजेत — कुणाच्या फौजेत, हे आता घरात कुणाला नीट सांगता येत नाही. झाँसीच्या सीपरी बाजारात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. दाराबाहेर हिंदी, दारात मराठी. तीही अशी की कधी पुण्याकडचे पाहुणे आले तर तोंड फिरवून हसतात. बी.एससी.च्या पहिल्या वर्षाला मी गेलो तेव्हा वर्गात मागच्या बाकावर बसायचो. काही विचारायची भीती वाटायची. आपण चुकून इथे आलो आहोत, आणि हे कुणाच्या तरी लक्षात येईल, असं सारखं वाटायचं.

त्या वर्षी निगम सरांनी आम्हाला प्रकाशाच्या प्रयोगांसाठी अंधाऱ्या खोलीत नेलं. खिडकीला काळा पडदा, पडद्याला एक भोक. भोकाबाहेर, खिडकीच्या दगडी कट्ट्यावर एक पितळी यंत्र ठेवलेलं. बशीएवढा आरसा, त्याला धरणारा एक दांडा, दोन अर्धवर्तुळाकार पट्ट्या, आणि खाली डब्यात बंद केलेलं, चावीचं घड्याळ. हेलिओस्टॅट. नाव ऐकूनच मी घाबरलो होतो. सरांनी चावी दिली, दांडा जरा हलवला — आणि समोरच्या भिंतीवर ऊन पडलं. पांढरं, गोल, स्वच्छ ऊन. सरांनी त्याच्याभोवती पेन्सिलीनं रेघ ओढली आणि शिकवायला लागले.

ऊन मी काय पाहिलं नव्हतं? आमच्या अंगणात आई पापड वाळत घालायची तेव्हा ताईला सांगायची, "ताट सरकव गं, ऊन गेलं." दिवसभर ताट उन्हामागे जायचं. ऊन सरकतं, हे मला चालायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण या भिंतीवरचं ऊन सरकत नव्हतं. तास संपला. दुसरा तास सुरू झाला. बाहेर चिंचेची सावली पायरीवरून उतरून कुठल्या कुठे गेली होती, आणि इथे ते ऊन पेन्सिलीच्या रेघेत तसंच बसलेलं — जणू त्याला कुणी सांगितलंय, तू इथेच राहा. माझ्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसा. खोटं कशाला सांगू, देवळात माझ्या अंगावर तसा कधी आला नव्हता.

सर माझ्याकडे बघून हसले. "सूरज भाग रहा है, बेटा. ये उसके पीछे भाग रहा है. इसीलिए तुम्हें लगता है कि कोई नहीं भाग रहा."

मग ते सगळ्यांना म्हणाले, हे लावताना हातातल्या घड्याळाची वेळ लावायची नाही. "वो सरकारी टाइम है. झाँसी का सूरज उससे पाव घंटा लेट चलता है. हमारी गाड़ियों की तरह." सगळे हसले. मीही हसलो. नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं — की नसतं? अजून ठरवता येत नाही.

घरी येऊन मी ताईला सांगितलं. घरात सांगण्यासारखं दुसरं होतंच कोण? ताई माझ्याहून मोठी. मॅट्रिकला तिचं गणित माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. मग आईचा दमा वाढला आणि ताईची शाळा संपली ती संपलीच. कणीक मळता मळता तिनं सगळं ऐकलं.

"म्हणजे पापडाचं ताट सरकवायला नको?" ती म्हणाली. "आण की एक घरी."

मग हात थांबवून तिनं विचारलं, "पण मध्ये ढग आला तर? ढग गेल्यावर त्याला कसं कळतं, सूर्य कुठवर पोचलाय ते?"

 दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न मी सरांना विचारला. माझा म्हणून. सर खूश झाले. म्हणाले, त्याला सूर्य दिसतच नाही. ते फक्त आपल्या घड्याळावर विश्वास ठेवून चालत राहतं. त्या दिवसापासून ते मला नावानं हाक मारायला लागले. प्रयोगशाळेच्या कपाटाच्या चाव्या माझ्याकडे द्यायला लागले. हे सगळं ताईच्या प्रश्नावर मिळालेलं. पण मला सांगायचंय ते हेही नाही. मी अजून लांबूनच फिरतोय.

त्याच वर्षी ताईला ग्वाल्हेरहून बोलावणं आलं. नर्सच्या ट्रेनिंगला तिची निवड झाली होती. अर्ज तिनं केव्हा केला, कुणाच्या हाती पाठवला, आम्हाला काही पत्ता नव्हता. आई नुसती खोकत राहिली. बाबांना बोलायलाच येत नाही.  दोन दिवसांनी जेवताना, ताटाकडे बघत, ते म्हणाले, "ती गेली तर घर कोण बघणार? दिनूला वर्षभर कॉलेज सोडावं लागेल. नंतर बघू पुढचं." रागानं नाही. हिशेब मांडावा तसं म्हणाले. ताईनं मला भाजी वाढली. मी जेवलो.

वर्षभर सोडलेलं कॉलेज पुन्हा धरता येत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं.

चैत्र होता. आमच्या आतल्या खोलीत गौर बसली होती — पितळी झोपाळ्यावर, दोन पितळी खांबांच्या मधे, हातभर आरास करून. त्या खोलीत ऊन म्हणून येत नाही. वर, छताजवळ, एक रोशनदान आहे. ते अंगणात उघडतं. त्यातून येतो तो नुसता उजेड, तोही थकलेला. शुक्रवारी हळदीकुंकू ठरलं होतं. आमच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षा संपल्या होत्या, चाव्या माझ्याकडे होत्या, आणि मी ठरवलं — ताई जाईल तेव्हा जाईल, त्याआधी तिला हे दाखवायचं. अंगणाच्या पलीकडच्या छतावरून ऊन रोशनदानातून आत टाकायचं, गौरीवर. ताई वर बघेल, आणि मी खाली येऊन म्हणेन, "घे, आणलं घरी."

एवढंच होतं मनात. यावर विश्वास ठेवा म्हणत नाही. पण एवढंच होतं.

न विचारता मी ते यंत्र पोत्यात गुंडाळलं, सायकलला बांधलं आणि घरी आणलं. ही चोरीच. शुक्रवारी दुपारी छतावर खिळा रोवून, सगळ्यात आखूड सावली बघून उत्तर दिशा ठरवली. तारीख लावली, झाँसीचा अक्षांश लावला. आणि घड्याळ? घड्याळ मी बाबांच्या मनगटी घड्याळावरून लावलं, जे ते रोज रेडिओवरून मिळवतात. सरांचं बोलणं आठवलंच नाही. ऊन रोशनदानातून बरोबर आत गेलं, त्या आनंदात सगळं विसरलो. तसाच धावत खाली आलो.

दारात उभा राहिलो, आणि पुढे पाऊल टाकता आलं नाही.

काय सांगू तुम्हाला ते कसं होतं? ती खोली मी जन्मापासून ओळखत होतो. तिचा कोपरा न् कोपरा. आणि तरी मी ती पहिल्यांदा बघत होतो. अंधारातून एक सरळ, पांढरा पट्टा तिरका खाली आला होता, त्यात उदबत्तीचा धूर निळा होऊन वर चढत होता, आणि टोकाला गौर — पितळेची नव्हे, आतूनच पेटलेली. तिच्या अंगावरून उसळलेलं ऊन छताला लागलं होतं, बायकांच्या गालांना लागलं होतं, पन्ह्याच्या पेल्यांत उतरलं होतं. आईचा चेहरा मी इतका उजळ कधी पाहिला नव्हता.  हे मी केलं होतं आणि तरी ते माझं वाटत नव्हतं. हात आपोआप जोडले गेले. मला सगळं गणित येत होतं, तरी जोडले गेले.

घरमालकीण मिश्राइन चाची एकट्या बोलल्या. "अरे, किसी की थाली चमक रही होगी छत पे."

"थाळीची चमक हलते, चाचीजी," लेले काकू म्हणाल्या. त्या आमच्यातल्या सगळ्यात जुन्या घरच्या. त्यांच्याशिवाय आमच्याकडे हळदीकुंकू होत नाही. "ही बघा, हलतेय का? आणि आजच का यावं? कौल लावला त्याच दिवशी?"

कौल? मला काही माहीत नव्हतं. काकूंनी मला जवळ ओढून कानात सांगितलं. ताईनं गौरीला कौल लावला होता. आमच्याकडे तो असा लावतात: मोगऱ्याच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून झोपाळ्याच्या दोन खांबांना चिकटवायच्या आणि मनातलं विचारायचं. गौरीच्या उजवीकडची आधी गळली तर हो, डावीकडची गळली तर नाही. "जाऊ का, असं विचारलंय तिनं," काकू म्हणाल्या. "घरात कुणाचं मन मोडायला नको, गौरच सांगेल म्हणाली."

मी पाकळ्यांकडे बघितलं. ओल्या होत्या, चमकत होत्या. ऊन मधोमध होतं. आणि तेवढ्यात मला दिसलं — इतर कुणाला दिसलं नसेल, मला दिसलं — ऊन थांबलेलं नव्हतं. सरकत होतं. अगदी हळू, मुंगीहून हळू, उजव्या खांबाकडे. तेव्हा सरांचं बोलणं आठवलं. सरकारी टाइम. पाव तासाचा फरक. माझ्या चुकीमुळे ते ऊन उजवीकडे चाललं होतं, आणि तिथे पोचलं की पितळ तापणार, पाकळी वाळणार, आणि गळणार. त्यात काहीच शंका नव्हती. पापड वाळलेले मी काय पाहिले नव्हते?

मग मी ताईकडे बघितलं. ती गौरीसमोर गुडघ्यांवर बसली होती. उन्हाची कड उजव्या खांबाला टेकली, आणि तिच्या चेहऱ्यावर — तिनं लगेच मान खाली घातली, पण मला दिसलं. तिला जायचं होतं. मन मोडू नये म्हणून ती विचारत होती. पण जायचं होतं तिला, फार जायचं होतं. तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही कधी पाहिला नाही.

मी वर गेलो.

आरसा झाकायला गेलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. की आपल्या यंत्राची लुडबुड नको, गौरीचं गौरीला ठरवू दे. जिना चढताना कदाचित तसं असेलही मनात. पण छतावर पोचल्यावर मी आरशावर हात ठेवला, आणि तो झाकला नाही. घड्याळ पाव तास मागे घेतलं. झाँसीच्या सूर्याची खरी वेळ लावली. मग रोशनदानातून आत बघत, दांडा धरून ऊन पुन्हा लावलं. मधोमध नाही. डाव्या खांबावर.

हेच ते. हेच सांगायचं होतं.

हात थरथरत नव्हते. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत थरथरले होते; तेव्हा नाही. इतकं नीट मी ते यंत्र आधी कधीच लावलं नव्हतं. आणि लावताना डोक्यात काय होतं? ताई नव्हती. आईचा दमाही नव्हता. भिंतीवरचं ते पेन्सिलीचं वर्तुळ होतं, आणि मी त्या खोलीत पुन्हा जाणार की नाही, एवढंच होतं.

रोशनदानातून आवाज वर येत होते. ऊन क्षणभर नाहीसं झालं तेव्हा चाची म्हणाल्या, "लो, बत्ती गुल." कुणीतरी हसलं. मग ते परत आलं, डावीकडे. मग काकूंचा आवाज — भारावलेला, जवळजवळ रडवेला — "फिरली! बघा, जाऊन परत फिरली माय!"

आता ते खरोखरच थांबलं होतं. घड्याळ खरं, अक्षांश खरा, ऊन बरोबर जागच्या जागी. मी खाली येऊन दारात उभा राहिलो आणि बघत राहिलो. बराच वेळ. कोणत्याही क्षणी मला बोलता आलं असतं. "ताई, वर ये, गंमत दाखवतो" — एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पाकळीची कड आधी तपकिरी झाली. मग ती वळली. मग आवाज न करता गळली.

ताई रडली नाही. तिनं ती पाकळी उचलून डोळ्यांना लावली आणि उठली. काकूंनी तिला कुंकू लावलं, आईनं तिला पोटाशी धरलं. आई कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेत होती. ताई सगळ्यांना आंबेडाळ वाढत माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "कुठे होतास रे उन्हात? तोंड बघ कसं लाल झालंय. पन्हं घे."

मी घेतलं. गोड लागलं.

यंत्र मी कपाटात परत ठेवलं, कुणाला कळलं नाही. मी आता एम.एससी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सर म्हणतात, पुढे संशोधनाला जा. सूर्यामागे फिरणाऱ्या आरशांवरच काम करायचं आहे. हल्ली असे कितीतरी आरसे एकत्र लावून पाणी उकळवतात, त्यांची चित्रं मी बघितली आहेत. ती बघताना अजून तसाच काटा येतो. वाटलं होतं, त्या दिवसानंतर येणार नाही. येतो. याची मला लाज वाटते, पण येतो.

ग्वाल्हेरची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आता अर्ज करायचं ताईचं वयही उलटून गेलं. आईची इंजेक्शनं तीच देते. गल्लीतल्या म्हाताऱ्याही तिच्याकडेच येतात, म्हणतात तिचा हात हलका आहे. गौरीनं आमच्याकडे ठेवून घेतलेली मुलगी, असं लेले काकू दर चैत्रात नव्या सुनांना सांगतात. मग सगळ्या ताईकडे बघतात. एकदा मी तिला विचारलं होतं, तुला वाईट वाटतं का गं? ती म्हणाली, "वाटायचं. पण ते ऊन आठवलं की वाटत नाही. एवढं मोठं माझ्यासाठी आलं होतं ना रे."

तिच्याजवळ तेवढंच आहे. आणि ते मी काढून घेणार आहे.

गप्प राहणं जास्त चांगलं, असं कधी कधी वाटतं. पण ते मला सोयीचं आहे म्हणून वाटतं, हेही आता ओळखायला शिकलोय. आज संध्याकाळी मी तिला सांगेन. छतावर नेऊन, ती जागा दाखवून, काय केलं ते सगळं क्रमानं सांगेन. ऐकल्यावर तिनं काय म्हणावं, काय करावं, याचा मी विचार केलेला नाही. करणारही नाही. तिचं मी एकदा ठरवून बसलोय.